अक्काच्या चुलीखालचं पाणी

एकोजीला एका जागी बसलेला कुंभकोणमात कुणी पाहिला असेल तर त्यानं हात वर करावा. जेवायच्या पाटावरसुद्धा याचा एक पाय उठायच्या तयारीत. सांबारभात पोटात गेला की हा उठलाच, आणि त्याची बायको सुंदरी ताकाचं भांडं घेऊन दारापर्यंत त्याच्या मागे. "पायाला भिंगरी बांधूनच यांना जन्माला घातलंय," असं ती शेजारणींना ऐकवायची. तेही तमिळमध्ये, म्हणजे गल्लीत कुणाला कळायचं राहू नये.

हा पाणीखात्यात वर्क इन्स्पेक्टर. म्हणजे कोण, तर वरचे इंजिनियर ज्याच्यावर ओरडतात आणि खालचे मजूर ज्याच्या नावानं कुरकुरतात, तो मधला माणूस. इतरांना नदीला पूर आला की घोर लागतो. याचं सगळंच उलटं. जानेवारी संपता संपता वर मेट्टूरच्या धरणाची दारं मिटली, कावेरीचं पात्र उघडं पडलं आणि पोरं त्यात क्रिकेट खेळायला लागली, की याचा जीव टांगणीला. कारण काम करायचं ते तेव्हाच. गाळ काढा, जलपर्णी उपटा, लोखंडी दारांना वंगण द्या, खचलेले काठ बांधा. जूनमध्ये वरून पाणी सुटतं, आणि ते काही तुमचं आवरलं का म्हणून विचारायला थांबत नाही.

एकोजीच्या वाट्याला जे पाणी आलं होतं त्याची वाट सांगायला सोपी आहे. शहराच्या उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार. कावेरीतून एक वाय्काल निघतो, म्हणजे पाट. तो घरांच्या मागून, शाळेच्या कुंपणाला घासून, भाताच्या दोन-चार पट्ट्यांना पाणी पाजत नंदवनकुळम नावाच्या तळ्यात पडतो. तळं भरलं की उरलेलं पाणी अरसलारला. तळ्यात पाणी असलं की भोवतालच्या गल्ल्यांतल्या विहिरी भरतात. नसलं की बोअरवेल खोल खोल जातात आणि वर येतं ते मचूळ पाणी.

वाट सोपी, पण मालक? नदी एका खात्याची. वाय्कालातलं पाणी त्याच खात्याचं, पण वाय्कालाखालची जमीन महसूलवाल्यांची. तळं देवळाचं. त्यात येणारी गटारं पालिकेकडे. आणि घाण? ती कुणाचीच नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार आणि एकोजी त्या बोटांच्या मधून सायकल हाणणार. सकाळी तहसील, दुपारी देवळाचं कचेरीघर, संध्याकाळी काठावर. तळं भरलेलं त्याला लहानपणचं आठवत होतं. त्यात पोहायला शिकलेल्या पिढीतले शेवटचे जे कोणी, त्यात हा एक.

घोडं अडलं होतं ते वाय्कालाच्या वळणावर. तिथं मागच्या अंगणांनी एकेक पाऊल पुढं टाकत टाकत पाण्याला पार भिंतीला टेकवलं होतं. कुणाची न्हाणी, कुणाचा गोठा, कुणाचा संडास. गेल्या कार्तिकात मोठा पाऊस झाला तेव्हा पाणी त्या वळणावर तुंबलं, मागे फिरलं आणि गटारासकट खालच्या वस्तीत शिरलं. विजयलक्ष्मी म्हणून एक फुलं विकणारी बाई आहे तिथं. तिच्या घरात चुलीवरच्या फळीपर्यंत काळं पाणी. एकोजीनं तिच्या सासूला पाठीवर घेऊन बाहेर काढलं होतं. ती म्हातारी पुढं महिनाभरसुद्धा जगली नाही. त्या दिवसापासून हा माणूस वळणाचं नाव काढलं की पेटायचा. "यंदा ते वळण मी मोकळं केल्याशिवाय राहत नाही," असं त्यानं विजयलक्ष्मीला तिच्या ओल्या भिंतीसमोर उभं राहून सांगितलं होतं. कुणी मागितला नव्हता हा शब्द. उगीच देऊन बसला.

उगीच अशासाठी, की वळणावरच्या घरांत सगळ्यात पुढं आलेलं घर याच्या सख्ख्या बहिणीचं.

महालक्ष्मी अक्का. एकोजी लहान असताना आई गेली आणि अक्कानं त्याला वाढवलं. स्वतःचं लग्न लांबवलं, आलेली दोन स्थळं परत पाठवली, याचं शिक्षण झाल्यावर मग बोहल्यावर चढली. नवरा लवकर गेला. मुलगा विघ्नेश कोइमतूरला नोकरीला. ती एकटी राहायची आणि लग्नामुंजींच्या पुरणपोळ्या करायची. घर अरुंद, म्हणून तिच्या नवऱ्यानं मागे वाय्कालावरच दगडी फरश्या टाकून मोठं स्वयंपाकघर बांधून दिलं होतं. तीन चुली, पुरण वाटायचं यंत्र, वर पत्रा. आडुतुरैपासून स्वामीमलैपर्यंत कुणाच्या घरी मुंज असली की त्या चुली पहाटेपासून पेटलेल्या. तिची पोळी खाल्लेल्या माणसाला दुसरीकडची चालत नाही. आणि त्या चुलींच्या बरोबर खाली, फरश्यांखाली, वाय्काल घुसमटून पडलेला.

एकोजीला हे माहीत नव्हतं असं नाही. रोज तिथं कॉफी प्यायचा तो. माहीत असणं आणि डोळ्यांपुढं येऊ देणं यात माणूस केवढं अंतर ठेवू शकतो.

आता या लोकांची एक खोड सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घराणं तंजावरच्या जुन्या दरबाराशी जोडलेलं. पणजोबा तिथं कशाचे तरी कारभारी होते म्हणे. आता दरबार नाही, कारभार नाही, उरलंय ते घरातलं मराठी. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. आणि बाहेर मराठी वापरायचं ते एकाच कामाला, चारचौघांत गुपित बोलायला. साडीच्या दुकानात दुकानदारासमोर "फार सांगतो, उठ" म्हणायचं ते मराठीत. डॉक्टरसमोर, बसमध्ये, लग्नात वधूची आई पुढ्यात उभी असताना तिच्या दागिन्यांवर शेरे मारायचे ते मराठीत. कुणाला कळणार आहे? अशी पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. ती इतकी मुरलेली, की मराठी बोलताना ही माणसं आवाजसुद्धा खाली करत नाहीत.

मार्चमध्ये नव्या इंजिनियरबाई आल्या. जननी. बाई तरुण, बोलणं थोडं, चालणं भराभर. एकोजीला पहिल्यांदाच असा वरिष्ठ मिळाला ज्याच्या मागे त्याला पळावं लागत होतं. आल्या आल्या तिनं चारही खात्यांच्या माणसांना एकत्र काठावर उभं केलं. कुणी कुणाकडे बोट दाखवायचं ते समोरासमोर दाखवा, म्हणाली. एकोजीला ती मनापासून आवडली. घरी येऊन सुंदरीला म्हणाला, "यंदा होतें बघ काम." सुंदरी म्हणाली, "आणि अक्का?" त्यावर यानं सायकल काढली.

पाहणी करत मंडळी वळणावर आली. महसूलचा मोजणीदार गोपालकृष्ण, देवळाचा कारकून, गटारांकडचा एक माणूस, पाण्याची दारं उघडणारा-मिटणारा लस्कर, आणि पुढं जननी. वाय्कालाच्या पलीकडच्या काठावर चिंचेचं झाड, त्याच्यामागे सर्वेचा जुना दगड. त्या दगडापासून अक्काच्या घराच्या दिशेनं फीत ताणायची आणि वाय्कालाची रुंदी जिथं संपेल तिथं खुंटी ठोकायची. मोजणी पुढल्या आठवड्यात, आज नुसतं बघणं.

अक्का मागच्या दारात आली. हाताला पीठ. तिनं सगळ्यांकडे पाहिलं आणि भावाला मराठीत पुसलं, "काय रे, ही फौज कशाची? माझें घर मोजतां की काय?"

एकोजी गडबडला. आणि गडबडलेला माणूस विचार करत नाही, सवयीनं बोलतो. चेहरा हसरा ठेवून, हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तशा सुरात तो मराठीत म्हणाला, "हसत राहा, अक्का. मोजणीला फीत मीच धरणार. चिंचेला वळसा घालून आणतों, म्हणजे लांबी झाडातच खर्च होते आणि खुंटी तुझ्या भिंतीबाहेर, पाण्यातच पडते. तूं काळजी करूं नको. विघ्नेशाला फोन लाव, कोर्टातून स्टे मिळतो का पुसून ठेव. आणि आता सगळ्यांना कॉफी घाल."

मग तो मंडळींकडे वळला आणि तमिळमध्ये म्हणाला, "अक्का विचारतेय, कॉफी घेणार ना?"

कॉफी आली. सगळ्यांनी मागच्या अंगणात उभ्याउभ्या घेतली, गोपालकृष्णनं दोनदा घेतली. टंबलर परत करायला जननी स्वतः दारापर्यंत गेली. आणि अगदी सहज, स्वच्छ मराठीत म्हणाली, "अक्का, कॉफी मस्त झाली होती हं. येते मी."

एकोजीच्या तोंडचं पाणी पळालं. बाकीच्यांना काही कळलं नाही. ते तोंड पुसत पुढच्या न्हाणीकडे निघालेसुद्धा. जननीनं त्याच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. पुढं जाऊन ती लस्कराला दाराचं गंजलेलं चाक दाखवत राहिली आणि एकोजी तिच्या मागं उभा राहून घामानं भिजत राहिला.

आणि अक्का? तुम्हाला वाटेल तिची पाचावर धारण बसली असेल. छे. ती आनंदानं वेडी झाली. संध्याकाळी भावाच्या घरी येऊन सुंदरीला सांगत सुटली, "अगे, ती मराठी बोलते. जराशी वेगळी, दूरदर्शनावरल्यासारखी, पण मराठीच. आपलें माणूस आहे. आता कशाचें भय?" चौकशी करून तिनं सगळं शोधूनही काढलं होतं. बाईचे वडील बँकेत होते, बदलीवर कोल्हापूरला गेलेले, मुलगी दहावीपर्यंत तिथंच शिकली.

"आपलें माणूस नाही ते, अक्का. इंजिनियर आहे," एकोजी म्हणाला.

"तूंही आहेस की खात्याचा. मग तूं माझा नाहींस?"

तो उठून बाहेर गेला.

त्यानंतरचे दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. शिपाई कागद घेऊन आला की हा खुर्चीतून अर्धा उभा. मेमो येईल, सस्पेन्शन येईल, निवृत्तीला थोडंच राहिलेलं असताना नाव जाईल. पण काही येईना. जननी रोजच्यासारखी. गाळाचं काय, जेसीबी कधी, दाराचं वेल्डिंग झालं का. एवढंच. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर हा माणूस सुखानं जेवला असता. ती काहीच बोलत नाही म्हटल्यावर याचं डोकं फिरायची वेळ आली. सायकल घेऊन उगाच कावेरीच्या तोंडापर्यंत जायचा, कोरड्या दारांना हात लावून परत यायचा. वाटेत खालची वस्ती लागे. विजयलक्ष्मी फुलांचे हार ओवत दारात बसलेली असे. ती मान वर करून बघायची, आणि हा पॅडल जोरात मारायचा.

शेवटी तो स्वतःच जननीच्या खोलीत गेला. दार लोटून घेतलं आणि तमिळमध्ये म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी वळणावर मी जे बोललो..."

"मी कॉफीबद्दल बोलले," ती म्हणाली, तीही तमिळमध्ये. "तुमचं घरातलं बोलणं होतं. घरातल्या बोलण्यावर मी मेमो काढत नाही."

"मग फीत दुसऱ्या कुणाला द्या. मी धरत नाही."

"का? वळण मोकळं करायचंय असं तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात. गुरुवारी फीत तुम्हीच धरायची. भिंतीवर रेघ मारायचा रंगाचा डबाही तुमच्याच हातात." आणि तिनं मान खाली घालून कामाला सुरुवात केली.

एकोजीच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढीशी बाई, माझ्या मुलीच्या वयाची, आणि मला तराजूत घालते? पायऱ्या उतरताना तो तिच्यावर चडफडत होता, अक्कावर चडफडत होता, मेहुण्याच्या फरश्यांवर, कोल्हापूरच्या बँकेवर, सगळ्यांवर. स्वतःचा नंबर आला तो फाटकापाशी. मग मात्र तो सायकलला टेकून जरा उभाच राहिला.

इकडे अक्काची आपली वेगळीच मोहीम. बुधवारी दुपारी ती पोळ्यांचा डबा घेऊन सरळ कचेरीत. जननीच्या टेबलावर डबा ठेवला आणि जुन्या वळणाच्या मराठीत सगळं मांडलं. चुली, मुंजी, विघ्नेशाचा थोडका पगार, आपली भाषा, आपली माणसं. जननीनं सगळं ऐकून घेतलं. डबा उघडला, एक पोळी खाल्ली, उरलेल्या बाहेर सगळ्यांना वाटायला दिल्या. मग मराठीत म्हणाली, "पोळी खाल्ली, अक्का. पण भिंत वाचवता येणार नाही मला. पोळी करायला दुसरी जागा बघायला मी मदत करीन."

सरळसरळ नकारच होता तो. पण अक्काला ऐकू आलं ते "पोळी खाल्ली" एवढंच. आणि भावाचा शब्द तर खिशात होताच. ती घरी जाऊन पुरण वाटायला बसली. रविवारी पापनाशमला एक मोठी मुंज होती.

गुरुवारी वळणावर ही गर्दी. न्हाणीवाले, गोठेवाले, संडासवाले सगळे हजर. सगळ्यांना नोटिसा गेलेल्या. आणि सगळ्यांच्या नजरा एकाच भिंतीवर. इन्स्पेक्टरच्या बहिणीचं काय होतं ते बघू, मग आपलं ठरवू. विजयलक्ष्मीही आली होती, फुलांची टोपली कमरेला लावून मागे उभी.

गोपालकृष्ण दगडापाशी फितीचं टोक धरून बसला. एकोजी गुंडाळी घेऊन निघाला. चिंच समोरच. डावीकडून गेलं तर फीत सरळ, उजवीकडून गेलं तर बुंध्याला वळसा. कुणाच्या लक्षातही आलं नसतं, झाडाला वळसा घालून माणसं चालतातच. तो चिंचेपाशी आला आणि क्षणभर थांबला. जननी काठावर उभी राहून वाय्कालात बघत होती, फितीकडे नाही.

तो डावीकडून गेला.

फीत ताणली. ती वाय्काल ओलांडून अक्काच्या पत्र्याखालून आत शिरली, चुली मागे टाकून पार आतल्या भिंतीला जाऊन टेकली. चुली, यंत्र, सगळं पाण्यावर.

अक्का दारात उभी होती. तिनं फितीकडे पाहिलं, मग भावाकडे. आणि मराठीत, नेहमीसारखंच मोकळ्या आवाजात म्हणाली, "एकोजी, चिंच सोडलीस की रे. म्हणाला होतास वळसा घालतों म्हणून. परत ओढ."

ते वाक्य तिथं तिघांनाच कळलं. बाकी पन्नास डोळे भावाबहिणीच्या तोंडाकडे. एकोजीला एका झटक्यात दिसलं, आता मराठीत मी काहीही बोललो, नाही म्हटलं, क्षमा कर म्हटलं, तरी या सगळ्यांना एकच कळणार. आपापसात काहीतरी शिजतंय. आणि काल-परवापर्यंत खरोखर शिजतच होतं. मग कोण कशाला आपली न्हाणी पाडू देईल?

तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, रेघ इथं येते. सामान काढून घ्या."

जन्मात पहिल्यांदा तो तिच्याशी तमिळ बोलला. आणि अक्का नव्हे, अम्मा. रस्त्यावरच्या कुठल्याही बाईला म्हणतो ते. अक्काचा चेहरा कसा झाला ते त्यानं पाहिलं नाही, कारण तो वाकून ब्रश रंगात बुडवत होता. रेघ वाकडी आली. गोपालकृष्णनं ती पुन्हा सरळ काढून घेतली.

पापनाशमच्या मुंजीच्या पोळ्या तिनं त्याच चुलींवर केल्या. मग स्वयंपाकघर रिकामं केलं. सुंदरी मदतीला गेली, विघ्नेश रजा काढून आला. एकोजी गेला तेव्हा दार आतून लावलेलं. जेसीबी आला त्या दिवशी पहिल्यांदा अक्काचीच भिंत पडली. फरश्या उचलल्या तर खाली वर्षानुवर्षांचा काळा चिखल, त्यात प्लॅस्टिक, नारळाच्या कवट्या, एक अख्खी लोखंडी कढई. इन्स्पेक्टरच्या बहिणीची भिंत पडलेली पाहून बाकीच्यांनी आपापल्या बादल्या आणि दोऱ्या मुकाट्यानं आत नेल्या. कोर्ट नाही, बाचाबाची नाही. संध्याकाळपर्यंत वळण मोकळं. सगळ्यांनी एकोजीची पाठ थोपटली. त्यानं सायकल काढली आणि निघाला.

जूनमध्ये पाणी आलं. कावेरीच्या तोंडापासून एकोजी त्याच्याबरोबर काठानं चालत निघाला. पुढं फेस, काटक्या, चपला, सगळ्या गावाची घाण वाहत चाललेली. ती आधी बगलेच्या दारानं थेट अरसलारला सोडून द्यायची असते, तळ्यात घ्यायची नसते. पाणी वळणावर आलं, वळलं आणि गेलं. थांबलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याचा रंग बदलल्यावर जननीनं मान हलवली आणि लस्करानं तळ्याचं दार उचललं. बायका हळदकुंकू घेऊन पायऱ्यांवर आल्या होत्या. विजयलक्ष्मीनं टोपलीतली सगळी फुलं पाण्यात ओतली. एकोजी पायऱ्यांवरच्या बायकांत एकेक चेहरा शोधत राहिला. अक्का नव्हती.

आता अक्काच्या पोळ्या देवळामागच्या एका भाड्याच्या खोलीत होतात. जागा जननीनंच बघून दिली. सुट्टीच्या दिवशी ती तिथं येऊन बसते. दोघींचं मराठी तासतास चालतं. अक्का तिच्या बोलण्यातल्या नव्या शब्दांना हसते, ती अक्काच्या जुन्या शब्दांचे अर्थ विचारते. एकोजीही जातो. आता तो निवृत्त झालाय, जायला वेळच वेळ आहे. एकदा जननीनं त्याच्यासमोरच विचारून टाकलं, "अक्का, भिंत पाडायचं माझंच काम होतं. माझ्याशी बोलता, मग यांच्याशी का नाही?"

अक्का पोळी लाटत होती. लाटणं थांबवलं नाही तिनं. "तूं मजला पहिल्यापासून नाही म्हणालीस," ती म्हणाली. "याणे घरच्या भाषेंत होय म्हटलें, आणि नाही म्हणायची वेळ आली तेव्हां बाहेरची काढली."

एकोजी दाराशी बाकावर बसला होता. ऊन होतं, घसा सुकला होता. त्यानं हलकेच म्हटलं, "अक्का, पाणी दे."

ती उठली. तांब्या-पेला आणून त्याच्यासमोर ठेवला. आणि गिऱ्हाइकांशी बोलते तशा चांगल्या, अदबीच्या तमिळमध्ये म्हणाली, "घ्या, सर."

त्यानं पेला उचलला. नंदवनकुळमच्या काठच्या विहिरीचं पाणी होतं ते, गोड.